मुलाला कशाला?

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वहिनीने विचारलं, "एचपीव्हीची लस हिला द्यायची का? डॉक्टर म्हणतायत देऊन टाका." ही म्हणजे माझी पुतणी, वय वर्षं चौदा. आणि एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू. एरवी त्या ग्रुपवर सुप्रभात आणि वाढदिवस यापलीकडे काही हलत नाही, पण त्या दिवशी पाच मिनिटांत आत्या हजर. "नको गं बाई. आपल्या डभोईकडे त्या लशीने मुली गेल्या होत्या, विसरलात का?" मग एका काकांनी कुठला तरी फॉरवर्ड टाकला. मग आतेबहिणीने त्या फॉरवर्डची सालं काढली. मी सहसा मध्ये पडत नाही, पण या वेळी पडलो. लांबलचक लिहिलं, लस द्यायलाच हवी म्हणालो, आणि शेवटी सहज जोडलं, "धाकट्यालाही द्या."

धाकटा बारा वर्षांचा आहे. क्रिकेट आणि शेव-उसळ सोडून त्याला जगात काही दिसत नाही.

ग्रुप एकदम गप्प. मग वहिनीचं एकच वाक्य आलं: "मुलाला कशाला? ती गर्भाशयाची लस आहे ना?"

मी उत्तर लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी नुसता हसरा चेहरा टाकला आणि फोन उशीखाली ठेवला. तेव्हा खोडलेलं उत्तर आज इथे लिहितोय. आत्या फेसबुकवर आहे, ती वाचेल. वाचू दे. माझ्यासाठी स्थळं आणायचं तिने चार वर्षांपूर्वी आपणहून बंद केलं, म्हणजे तिला जे कळायचं ते कळलेलं आहे. अडतिसाव्या वर्षी मी बडोद्यात दांडिया बाजारातल्या त्याच घरात राहतो, मला पुरुष आवडतात, आणि हे आता सांगून झालं.

आधी आत्याला उत्तर. कारण ती खोटं बोलत नाहीये, तिला निम्मी गोष्ट ठाऊक आहे. २००९ साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि आपल्या वडोदरा जिल्ह्यात पाथ नावाच्या अमेरिकन संस्थेने आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) आणि राज्य सरकारांच्या साथीने हा लशीचा प्रकल्प केला होता. आपल्याकडे डभोई, शिनोर आणि कवांट हे तालुके होते. दहा ते चौदा वयाच्या मुली. खम्ममला गार्डासिल दिली, इथे सर्व्हारिक्स. दोन्हीकडच्या मिळून सात मुली दगावल्या, त्यातल्या दोन गुजरातच्या. एप्रिल २०१० मध्ये काम थांबलं. चौकशी झाली, आणि मृत्यूंचा लशीशी संबंध नाही असं निघालं. पण २०१३ मध्ये संसदेच्या समितीने संमती कशी घेतली यावर सडकून टीका केली. आंध्रात वसतिगृहातल्या मुलींच्या कागदांवर आईबापांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. लशीवरचा संशय फिटला, पण ती ज्या पद्धतीने दिली तिच्यावरचा डाग राहिला, आणि तो राहायलाच हवा. आत्याच्या डोक्यात फक्त "मुली गेल्या" एवढंच उरलंय. पंधरा वर्षांनी बहुतेकांच्या डोक्यात तेवढंच उरतं.

आता वहिनीच्या प्रश्नाकडे.

या विषाणूला गर्भाशय लागत नाही. त्याला त्वचा लागते, तीही ओलसर, नाजूक. त्याचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. १६ आणि १८ नंबरवाले कॅन्सर करतात, ६ आणि ११ वाले चामखीळ. गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कॅन्सर त्या पहिल्या दोघांचे. पण गुदद्वाराचे दहातले नऊ कॅन्सरही एचपीव्हीचेच असतात. घशाचे काही, लिंगाचे काही. नाव फक्त बाईच्या अवयवाचं पडलं, कारण मरणाऱ्यांत बायका फार आहेत. आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो. त्यांचा नंबर पहिला लागावा, यात वाद नाहीच.

पण गुदद्वाराच्या कॅन्सरचा हिशोब बघा. सर्वसाधारण लोकांत वर्षाला लाखात एक-दोन. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत, एचआयव्ही नसताना, लाखात एकोणीसच्या आसपास. एचआयव्ही असेल तर पंच्याऐंशी. जगभरातले अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये काढलेले हे आकडे आहेत. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी गुगलवर स्वतःच्या नाही, मित्राच्या दुखण्याबद्दल शोधत होतो. (खरंच मित्राच्या. हे वाक्य कुणालाच खरं वाटत नाही, माहितीये.)

हा मित्र मकरपुऱ्याला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याला मागच्या बाजूला काहीतरी हाताला लागलं. दुखत नव्हतं, पण खाज होती, थोडं रक्त. आता गुजरातीची गंमत अशी की मूळव्याधीला लोक 'मसा' म्हणतात आणि चामखिळीलाही 'मसा' म्हणतात. आणि इथे तर प्रत्येक चौकात बोर्ड आहेच: हरस, मसा, भगंदर, ऑपरेशनशिवाय खात्रीचा इलाज. शब्द तोच, जागा तीच, मग शंका कसली येणार? गेला तो. तिथल्या वैद्याने टॉर्च मारून लांबूनच बघितलं, तिखट बंद करायला सांगितलं, इसबगोल दिलं आणि एक जळजळणारं मलम दिलं. सहा महिने. सहा महिन्यांत त्याने मिरची सोडली, बसायची गादी बदलली, ऑफिसच्या खुर्चीत ट्यूब घालून बसला. लोक त्याला मूळव्याधीचे उपाय सांगायचे आणि तो मान डोलावून ऐकायचा. मूळव्याध सांगता येते ना! आपल्याकडे मूळव्याधीवर पंगतीत चर्चा होते. कोंब वाढत गेले, फुलकोबीसारखे झाले, तेव्हा एका रात्री त्याने मला फोन करून विचारलं, "तुझ्या ओळखीत कुणी आहे का, जो विचारणार नाही?"

जो विचारणार नाही. असा डॉक्टर शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले. शेवटी एक त्वचारोगतज्ज्ञ बाई भेटल्या. त्यांनी सगळं विचारलं, पण 'ताप किती दिवस आहे' विचारावं तशा आवाजात. ह्या मूळव्याधीच्या गाठी नाहीत, ह्या एचपीव्हीच्या चामखिळी आहेत, म्हणाल्या. विजेच्या सुईने जाळल्या. दोनदा परत आल्या, दोनदा परत जाळल्या. त्या पहिल्या दिवशी तो बाहेर येऊन स्कूटरला टेकून उभा राहिला, बसणं शक्यच नव्हतं, आणि म्हणाला, "सहा महिने मिरची फुकट सोडली."

चामखीळ म्हणजे कॅन्सर नव्हे, तिचे प्रकार वेगळे. पण दोन्ही अडवणारी लस एकच.

या उत्तरायणला मांजलपूरला एकाच्या गच्चीवर आम्ही सात-आठ जण जमलो होतो. सगळे आपल्यातलेच. उंधियू, जिलेबी, शेजारच्या गच्चीवर भोंग्यावर गाणी. मी पतंग सोडून विषय काढला. काय काय ऐकलं!

पहिला हसला, "मला कुठे गर्भाशय आहे रे?" आणि सगळे खिदळले. दुसरा गंभीरपणे म्हणाला, "मी टॉप आहे, मला काय होणार." टॉप म्हणजे संबंधात वरचा. आमच्यात ही एक जातव्यवस्थाच आहे, वरच्याला वाटतं रोग खालच्याला होतात. तिसरा म्हणाला कॉन्डोम वापरतो. हे मात्र तो खरं सांगत होता, आणि ते ऐकून मला बरंही वाटलं. वीस वर्षं संस्थांच्या पीअर एज्युकेटरांनी, म्हणजे आमच्यातल्याच शिकवणाऱ्यांनी, लाकडी मॉडेलवर चढवून दाखवलेलं ते वाया गेलं नाही. आमच्यातल्या दहावी नापासालाही एचआयव्हीचा विंडो पिरियड (लागण झाल्यावर तपासणीत न दिसण्याचा काळ) तोंडपाठ आहे, आयसीटीसी हे सरकारी तपासणी केंद्र कुठल्या मजल्यावर ते ठाऊक आहे. त्यामागे पैसा होता, नाकोचा, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेचा कार्यक्रम होता, राजपीपळ्याच्या राजघराण्यातल्या मानवेंद्रसिंहांसारख्यांनी आमच्यासारख्यांसाठी उभी केलेली लक्ष्य ट्रस्ट होती. एचपीव्हीसाठी असं कुणी गल्लीत आलंच नाही. हा विषाणू कातडीला कातडी लागून जातो, कॉन्डोम जेवढं झाकतं तेवढंच वाचवतं, हे त्याला कुणी सांगितलं असणार?

चौथ्याचं लग्न झालेलं आहे. तो म्हणाला, "लस घेतली तर घरी काय सांगू, कुठली घेतली म्हणून?" मी विचारलं, बायकोने घेतलीय? त्याने पतंगाकडे बघितलं. मी पुढे बोललो नाही, पण इथे बोलतो. आपल्याकडून तो विषाणू घरी गेला तर त्याला तिथे गर्भाशयमुख मिळतं. कुणाला लाजवायला हे सांगत नाही. लग्न कसं झालं, कुणी लावलं, हे मला चांगलं माहीत आहे. पण तिशी ओलांडलेल्या बायकोची तपासणी करून घ्यायला तर कुठलं कारण सांगावं लागत नाही.

एक जण गप्प होता. तो एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे, आठ वर्षं. तपासणीत रक्तात विषाणू सापडत नाही, कामावर जातो, गरबा खेळतो. मग म्हणाला, "एवढ्यातून निघालो, आता अजून एक भीती नको." त्याला मी काय सांगणार? लाखात पंच्याऐंशी हा आकडा त्याचाच होता आणि तो माझ्या घशात अडकला. दोन दिवसांनी फोन करून सांगितलं, आकडा वगळून. एचआयव्ही असेल तर लशीचे तीन डोस घ्यावेत असा सल्ला आहे. आणि लस नाही घेतली तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून मागची बोटाने तपासणी करून घे, हातमोजा घालून एक मिनिटाचं काम असतं. अमेरिकेत एचआयव्ही असलेल्या पस्तिशीपुढच्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला. कॅन्सरच्या आधीच्या पायरीवरच्या पेशी वेळेत काढून टाकल्या तर कॅन्सर निम्म्याहून कमी होतात. म्हणजे भीतीपुढे करण्यासारखं काही आहे. तो "बघतो" म्हणाला. बघतो म्हणजे काय, ते बडोद्यात सगळ्यांना माहीत आहे.

आणि शेवटचा चिडला. "परत आपणच? आधी एचआयव्ही, मग मंकीपॉक्स, आता हे. दर वेळी नवीन रोग आला की आपल्या कपाळावर चिकटवायचा." त्याच्याशी मी वाद घातला नाही. सगळ्यांत जास्त पटला तोच. पण एचपीव्ही आमच्या मालकीचा नाहीच मुळी. शरीरसंबंध ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाला तो आयुष्यात कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. फरक इतकाच की इतर पुरुषांना आडोसा मिळतो, आम्हाला नाही. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना लस द्यायला सुरुवात केली. चार-पाच वर्षांत तिथल्या तरुण मुलींच्या चामखिळी जवळपास नाहीशा झाल्या, आणि लस न घेतलेल्या मुलांच्याही झपाट्याने घटल्या, कारण त्यांच्या मैत्रिणींनी ती घेतली होती. पुरुषांबरोबर असणाऱ्या पुरुषांत मात्र तेव्हा तसा काही उतार दिसला नाही. मग २०१३ पासून त्यांनी मुलांनाही द्यायला घेतली. आपल्या सरकारने २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात नऊ ते चौदाच्या मुलींसाठी लशीचा उल्लेख केला. चांगलंच केलं. त्या मुलींमुळे उद्या बरेच मुलगे वाचतील. आमच्यासारखे मुलगे त्यात नसतील.

आणि इथे वयाचा फास आहे. माझं स्वतःचं सांगतो. माझा जन्म १९८७ चा. लस चांगली लागू पडते ती संबंध सुरू व्हायच्या आधी, झालेला संसर्ग ती बरा करत नाही. बाराव्या वर्षी मला माझ्याबद्दल काही कळलं नव्हतं, आणि तेव्हा लसही नव्हती. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आज मुलग्यांसाठीही मंजूर आहे, नऊ ते सव्वीस वयापर्यंत. सव्वीस! मी सव्वीस वर्षांचा होतो ते साल २०१३. त्या वर्षी डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने आमच्या संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम परत उभं केलं, म्हणजे कुठल्याही डॉक्टरपुढे मी कशासाठी आलोय हे सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखं वाटायचं. सप्टेंबर २०१८ ला ते गेलं तेव्हा मी एकतीस. पुण्याची लस बाजारात आली २०२३ मध्ये, तेव्हा छत्तिशीला टेकलेलो. बोलायची हिंमत येईस्तोवर वय निघून जातं. हे माझ्या एकट्याचं नाही, त्या गच्चीवरच्या सगळ्यांचं आहे.

तरी मी घेतली. इंग्लंडात अशा पुरुषांना पंचेचाळिशीपर्यंत देतात, आपल्याकडे ते लेबलाबाहेरचं, म्हणजे मंजूर वयाच्या पलीकडचं. त्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी स्वच्छ सांगितलं, "फायदा कमी होईल, शून्य नाही. तुमचे पैसे, तुमचा निर्णय." चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी वाचली, हसून विचारलं, "दीकरी केटला वरसनी?" मुलगी किती वर्षांची. मी म्हटलं दीकरी नाही, मलाच. त्याने चिठ्ठी उलटी करून बघितली, जणू मागे खरं काही लिहिलं असेल. "भाई, आ तो छोकरीओनी रसी छे." ही तर मुलींची लस. मागून एक काका ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी पुढे झुकले होते. मी म्हटलं, "छोकराओने पण अपाय छे." म्हणजे मुलग्यांनाही देतात. मुलाने खांदे उडवले, फ्रिज उघडला, बर्फाच्या पाकिटात गुंडाळून दिली. एवढंच झालं. पण कुणाला सव्विसाव्या वर्षी, चिठ्ठीशिवाय, ओळखीच्या दुकानात हे झालं असतं तर तो परत गेला नसता. पुढच्या डोसला दुसऱ्या ठिकाणी छापील फॉर्म भरायला दिला, त्यात पाळीची शेवटची तारीख विचारलेली. मी तिथे एक आडवी रेघ मारली. आयुष्यात इतकी समाधानाची रेघ मारली नाही.

आमच्या चळवळीतले काही जण म्हणतात, आपल्या संस्थांमधून आपल्यासाठी कॅम्प लावा. आजच्या तरुणांसाठी लावाच, त्याला विरोध नाही. २०११ मध्ये छापून आलेल्या, आमच्यासारख्याच सहाशे तरुणांवरच्या चाचणीत कॅन्सरआधीच्या जखमा निम्म्याने घटल्या होत्या, आणि ज्यांना आधी संसर्ग नव्हता आणि सगळे डोस झाले, त्यांच्यात तीन-चतुर्थांशाने. म्हणजे उपयोग आहे. पण संस्थेच्या दारापर्यंत जो पोचला, त्याचं वय आणि संबंध आधीच पुढे गेलेले असतात. आणि एकदा का 'त्या लोकांची लस' असं नाव पडलं की कुठलीही आई आपल्या मुलाला ती देणार नाही. 'मुलींची लस' या नावाने मुलगे बाहेर राहिले, ते दुसऱ्या नावाने कायमचेच राहतील. (आणि मी ही पोस्ट लिहून तेच करतोय की काय, अशी शंका मलाही आहे.)

मला हवंय ते असं: बारा वर्षांच्या प्रत्येक मुलाला, त्याला कोण आवडेल हे न विचारता. त्याला स्वतःलाही माहीत नसतं तेव्हा. दंडावरचा बीसीजीचा वण बघून कुणी विचारतं का, तुला टीबी कुणाकडून होणार होता? इंग्लंडने २०१८ मध्ये आधी दवाखान्यांतून आमच्यासारख्यांना दिली आणि २०१९ पासून शाळेत बारा-तेराच्या सगळ्याच मुलग्यांना. सक्ती मी म्हणत नाही, डभोईनंतर तर नकोच. आईबापांना नीट सांगून, त्यांची सही घेऊन. पण विचारणा सगळ्यांना सारखी. आता बडोद्याच्या मराठी माणसाचं बोलणं सयाजीरावांना आणल्याशिवाय संपत नाही, तर आणतोच. १९०६ मध्ये त्यांनी शिक्षण सगळ्यांसाठी केलं, तेव्हा 'माझीच मुलगी का' हा प्रश्न कुणा एका बापाकडे उरला नाही. सगळ्यांना असलं की कुणा एकाकडे बघायचं कारण राहत नाही.

पैशाचं म्हणाल तर पंधरा वर्षांखालच्यांना दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पुण्याची एक मात्रा दोन हजारांच्या आतबाहेर, परदेशी नऊ प्रकारवाली दहा हजारांच्या वर. नवरात्रात पास आणि कपड्यांवर आपल्या घरी किती उडतात ते दादाला विचारा.

हे सगळं मी वहिनीला ग्रुपवर लिहिलं नव्हतं. पण परवा रात्री तिला एकटीला मेसेज केला, लांबलचक, यातलं बरंचसं. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. काल सकाळी तिचा फोन आला. मला वाटलं आता रडारड होईल, किंवा दादा बोलेल. ती म्हणाली, "अरे, दोघांना एकदम दिली तर शनिवारी चालेल का? रविवारी ह्याची मॅच आहे. हात दुखतो म्हणतात."

मी म्हटलं, डाव्या दंडात द्यायला सांग, तो उजव्या हाताने टाकतो.